आमची वाटचाल: डिचोलीतलं पॉवर स्टिअरिंगचं काम

खाणीवरच्या मशिनींचे होज आणि सिलिंडर दुरुस्त करता करता आम्ही हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं काम, शिकलो. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि गॅरेजमध्ये माश्या मारायची पाळी आली. त्याच दिवसांत सत्तरीतले एक भाऊ जुना मॅसी ट्रॅक्टर घेऊन आले, पॉवर स्टिअरिंग नसलेला. भाऊंचे खांदे गेलेले, चिखलात चाकं वळवायला स्टिअरिंगला लोंबकळावं लागे. म्हणाले, "पयलीं म्हज्या ट्रॅक्टराक बसय, पैशांचें मागीर पळोवया." (आधी माझ्या ट्रॅक्टरला बसव, पैशांचं नंतर बघू.)

पहिल्याच वेळी फसलो. ऑर्बिट्रोल, म्हणजे स्टिअरिंगखालचा तेल मोजून सोडणारा व्हॉल्व्ह, 100 सीसीचा: स्टिअरिंगच्या एका फेऱ्याला 100 सीसी तेल. चाकं वळवणारा सिलिंडर 50 मिमी बोअर (आतला व्यास), 200 मिमी स्ट्रोक (रॉडची धाव), साधारण 390 सीसी. चार फेरे, हिशेब बरोबर. पण रॉड एकाच बाजूला! 25 मिमीचा रॉड तेलाची जागा खातो, त्यामुळे एकीकडे चार फेरे, दुसरीकडे तीनच. भाऊ चार दिवस काही बोलले नाहीत. दोन्हीकडे रॉड असलेला सिलिंडर घातला, तो अजून चालतोय.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग आमच्याच हाताखाली शिकलेल्याने शेजारी दुकान टाकलं. दुकानाचं वाईट वाटलं नाही, पट्ट्याचं वाटलं. आम्ही तेलाचा पंप इंजिनाच्या टायमिंग गिअरवरून फिरवतो, त्यात दोन दिवस जातात. त्याने फॅनच्या पुलीवरून पट्टा घेतला, एका दिवसात आणि निम्म्या पैशांत. वायंगणाच्या (रब्बी भाताच्या) चिखलणीत पट्टा भिजून घसरला, स्टिअरिंग दगड झालं, ट्रॅक्टर बांधावर कलंडला. माणूस वाचला. पण बोभाटा 'पॉवरवाल्यां'चा झाला, आणि पॉवरवाले म्हणजे आम्हीच. सात महिने एक काम नाही. लेथ विकला. आज त्या जागेवर ग्राइंडर आहे, पण नजर तिथे गेली की जीव तुटतो.

भाऊंनी काय केलं, तर आठवड्याच्या बाजारात ट्रॅक्टर चालू करून उभा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एका बोटाने स्टिअरिंग फिरवायला लावलं. त्या दिवशी तिघांनी नाव नोंदवलं.

विचारलं नाहीत तरी सांगतो: आधी किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश आणि टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्याचे) एंड बदला. पॉवर लागली की ढिलाई हाताला कळत नाही. आणि तेल बदललं की पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, हवा जाईपर्यंत. भाऊंना हे सांगावं लागत नाही.