घोट्याची तपासणी: दुखणाऱ्या पायाआधी चांगला पाय

घोटा आत वळून मुरगळला आणि बाहेरची बाजू टम्म सुजली. आता थेट एक्स-रेला पाठवतील, असं मी धरूनच चाललो होतो. डॉक्टरांनी आधी विचारलं, "मुरगळल्यावर लगेच चार पावलं टाकता आली? आत्ता टाकून दाखवा." लंगडत का होईना, टाकली. मग त्यांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालच्या टोकापासून साधारण ६ सेंटिमीटर वरपर्यंत दाबून पाहिली. करंगळीकडच्या लांब हाडाचं बूड आणि आतल्या बाजूचं कमानीवरचं हाडही दाबलं. दुखत होतं ते बाहेरच्या हाडाच्या जरा पुढे, मऊ भागात. हाडावर नाही. म्हणून एक्स-रे टळला. याला 'ओटावा नियम' म्हणतात, १९९२ पासूनचे.

मध्येच त्यांनी गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला दाबलं. दुखतंय कुठे आणि हे बघतायत कुठे! पण घोट्याला बसलेल्या पिळाने तिथलं हाडही मोडू शकतं म्हणे. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबली, तेव्हा घोट्याच्या वर कळ आली नाही. म्हणजे त्या दोन हाडांना बांधणारे लिगामेंट ठीक. पालथं झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल आपसूक खाली झुकलं, तेव्हा पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरीसारखी शीरही (टेंडन) शाबूत निघाली.

खरी परीक्षा लिगामेंटची. एका हाताने नडगी धरायची, दुसऱ्याने टाच पुढे ओढायची. हे त्यांनी आधी माझ्या चांगल्या पायावर केलं, कारण प्रत्येकाचा सांधा मुळात किती सैल हे वेगळंच असतं. दुखऱ्या पायावर मात्र मी सगळे स्नायू आवळून बसलो होतो. "आज काही कळणार नाही, सूज उतरू द्या, चार-पाच दिवसांनी या," म्हणाले. तोवर पट्टी, पाय उंच ठेवणं आणि सोसेल तेवढं चालणं.

दुसऱ्या खेपेला टाच ओढताच फरक मलाही जाणवला. दुखरा पाय जास्त पुढे सरकत होता. टाच आत कलवून पाहिली, तेव्हा मात्र दोन्ही पाय सारखेच. निष्कर्ष असा की बाहेरचं पुढचं लिगामेंट फाटलंय, त्यामागचं शाबूत आहे. शस्त्रक्रिया नको, ब्रेस आणि व्यायाम. त्यातला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. त्यात माझा चांगला पायही डगमगतो.