न आठवणारे सात आठवडे

मला एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस झाला होता, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच अँटीबॉडी मेंदूवर उलटण्याचा आजार. त्याच्या ज्या सात आठवड्यांविषयी लिहीत आहे, त्यांतील जवळजवळ काहीच मला आठवत नाही. हा मजकूर भावाने त्या दिवसांत ठेवलेल्या वहीच्या आधारे लिहिला आहे. सुरुवात ताप आणि डोकेदुखीने झाली. आठवड्याभरात माझी झोप उडाली, शेजारी पाळत ठेवतात असे मी सांगू लागले आणि एका रात्री आईलाही ओळखेनाशी झाले. तीव्र मनोविकार असे निदान होऊन मला मानसोपचार विभागात दाखल केले गेले. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही, कारण वरून दिसणारे चित्र तेच होते.

औषधे सुरू होताच मात्र माझे अंग ताठरले. वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : ‘काही चघळत असल्यासारखे तोंड सतत हलते. बोलणे बंद. पहाटे आकडी.’ हे पान पाहून मानसोपचारतज्ज्ञांनीच न्यूरॉलॉजिस्टना बोलावले. एमआरआयमध्ये काहीच दिसले नाही, या आजारात ते पुष्कळदा दिसत नाही. ईईजीत, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींच्या नोंदीत, मात्र लहरी मंदावलेल्या होत्या. केवळ रक्त तपासल्यास काही रुग्ण निसटतात, म्हणून पाठीच्या कण्यातील पाणीही तपासावे, असा न्यूरॉलॉजिस्टचा आग्रह होता. रक्तात काही सापडले नाही. पाण्यात एनएमडीए रिसेप्टरविरोधी, म्हणजे मेंदूतील पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या एका प्रथिनाविरुद्धच्या, अँटीबॉडी सापडल्या. न्यूरॉलॉजिस्ट जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली या आजारामागच्या अँटीबॉडी ओळखल्या, तोवर असे कित्येक रुग्ण निदानाविनाच राहिले असतील, हा विचार मला अजून छळतो.

सोनोग्राफीत अंडाशयावर टेराटोमाची, म्हणजे निरनिराळ्या प्रकारचे ऊतक असलेली, गाठ दिसली. अशा गाठीत मेंदूसारखे ऊतक असू शकते आणि त्याविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडी खऱ्या मेंदूवर उलटतात. गाठ काढली, पाच दिवस रोज १ ग्रॅम मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले, नंतर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे निरोगी रक्तदात्यांच्या अँटीबॉडी, दिले. तरी फरक पडेना, तेव्हा रोगप्रतिकारशक्ती दाबणारे रिटुक्सिमॅब सुरू केले.

सुधारणा फार सावकाश झाली. बोलणे परतले, तरी हिशेब जमायला आणि शब्द सुचायला वर्ष गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे १२ टक्के जणांना दोन वर्षांत आजार उलटल्याचे आढळले होते, त्यामुळे सलग दोन रात्री झोप लागली नाही तर वाट न पाहता कळवायचे, असे मला सांगितले आहे. झोपेची नोंद आता मी त्याच वहीत ठेवते.