तळ्यावरची हजेरी

मी बीड जिल्ह्यात ग्राम रोजगार सेवक आहे, म्हणजे गावातल्या रोजगार हमीच्या कामांची हजेरी ठेवणारा. 2024 चा मे महिना होता, पाझर तलावातला गाळ काढायचं काम चालू होतं, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, एकतीस मजूर, आणि ऊन असलं की घमेल्याला हात लावला की चटका बसायचा.

त्या दिवशी सकाळीच पारावर एक बागायतदार भाऊ मला म्हणले, ह्या निराधार योजनेवाल्यांना महिन्याला 1500 रुपये फुकट मिळतात, लोकं आळशी झालीत, तू मस्टर काढतोस ना मग घे त्यांना कामावर, काम नाही तर पैसा नाही. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून तसंच वाटायचं.

साइटवर गेलो तर आमच्या गल्लीतली आजी उभी. वय 64, नवरा वारलेला, पोरगा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. निराधारचे पैसे तीन महिने बंद होते, बँकेत अंगठ्याचा ठसाच उमटत नव्हता. रोजगार हमीचं जॉबकार्ड पदरात बांधून आणलेलं. मी म्हणलं आजी, तुमच्यानं नाही व्हायचं.

"बाहत्तरला बारा वर्षाची होते, तव्हा खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय. ह्या तळ्याच्या बांधाची माती मपल्या डोक्यावरून गेलीय, आन् तू मला सांगतूस व्हय?"

मी तिचं नाव मस्टरवर घेतलं. त्या बाहत्तरच्या दुष्काळातूनच आपल्या राज्यात रोजगार हमी उभी राहिली, 1977 ला कायदा झाला, आणि कायदा असा की माणसानं काम मागायचं आणि सरकारनं ते द्यायचं. "काम कर नाहीतर निराधारचे पैसे बंद" असं त्यात कुठंच नाही, ते पारावरचं.

अकराच्या सुमाराला आजी घमेल्यासकट खाली बसली. डोळे फिरलेले, ओठ पांढरे. लिंबाखाली नेलं, ओआरएस पाजलं, एका ताईनं ओला पदर तिच्या कपाळावर धरला. तेव्हा मजुरी 297 रुपये होती, पण ती मोजमापावर, माती कमी निघाली की सगळ्या गँगचा रोज पडतो, तरी एकाही बाईनं कुरकुर केली नाही, तिच्या वाटच्या पाट्या आपसात वाटून उचलल्या. दुपारी हजेरीच्या ऍपवर दिवसाचा दुसरा फोटो काढायचा होता तर आजी उठली, पदर नीट केला आणि घमेलं हातात धरून रांगेत उभी राहिली. हात थरथरत होते. म्हणली, "फुकटची हजेरी नगं मला."

मला त्या भाऊंना तिथं आणून उभं करावं वाटलं. ज्याच्या अंगात बळ आहे तो आमच्या मागं लागून काम मागतो हो, आम्हीच वेळेवर काम काढत नाही आणि पंधरा दिवसांत द्यायची मजुरी दोन दोन महिने देत नाही. आणि ज्याच्या अंगात बळच उरलं नाही त्याच्या 1500 रुपयांवर कामाची अट घालून काय मिळवायचंय, त्यानं आधीच काम केलंय, ते तळं गावासमोर आहे.

आजीचे चार दिवसांचे पैसे पोळ्याच्या आधी जमा झाले. सांगायला गेलो तर तिनं आकडा विचारलाच नाही, म्हणली, "तळ्यात पाणी किती आलंय रे?"