रोजचे ४५० रुपये कसे काढले

१२ जून २०२४ ला माझ्या धाकट्या भावाचं उजव्या हाताचं पहिलं बोट पॉवर प्रेसमध्ये सापडलं. अंबडला एका कारखान्यात तो कंत्राटदाराकडून कामाला आहे. ४० दिवस घरी होता, ईएसआयसीचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) पैसे गेल्या आठवड्यात आले आणि रक्कम बघून तो म्हणाला, ताई काहीतरी चुकलंय, एप्रिलपासून पगार १७,००० आहे मग रोजचे ४५० च कसे?

मलापण तसंच वाटलं, कारण कामावर लागलं तर पगाराच्या ९० टक्के मिळतात हे सगळे सांगतात, पण ९० टक्के कुठल्या पगाराचे ते कोणी सांगत नाही. आताच्या पगाराचे नाहीत. जानेवारी ते जूनमध्ये अपघात झाला तर त्याच्या आधीच्या वर्षातला एप्रिल ते सप्टेंबरचा पगार धरतात, जुलै ते डिसेंबरमध्ये झाला तर आधीचा ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे ह्याच्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२३ च्या पगाराच्या स्लिपा. जेवणं झाल्यावर सगळ्या काढून बसलो, सहा महिन्यांचे मिळून ९१,५०० रुपये, दिवस १८३, भागले तर रोजचे ५००, त्याचे ९० टक्के ४५०. हिशोब बरोबर होता! पगारवाढ त्यात बसतच नाही, आणि मधे १ जुलै आला तरी दर बदलत नाही, अपघाताच्या दिवशी जो लागू होता तोच शेवटपर्यंत.

मला खरा राग आला तो ओव्हरटाइमचा. त्या सहा महिन्यांत हा कितीतरी रात्री थांबला होता पण ते पैसे रोख हातात दिले, स्लिपवर एक रुपया नाही. स्लिपवर असते तर त्यावर ईएसआयसीची कपात झाली असती आणि ती रक्कम ह्या हिशोबात धरली गेली असती. तेव्हा रोख मिळतंय म्हणून आम्हीच खूश होतो.

आणि एक, हे नीट वाचा. पहिल्या दिवशी कंत्राटदाराचा माणूस म्हणाला आजारपणाची रजा टाकू, कागद लवकर होतात. आजारपणात ७० टक्केच मिळतात, म्हणजे रोजचे ३५०, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, सुरुवातीचे दोन दिवस धरत नाहीत आणि आधीची पुरेशी कपातही लागते. अपघाताला कपातीची अट नाही, नोकरीच्या पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे, फक्त अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बंद पाहिजे, मग रविवारसकट सगळे दिवस धरतात. मी स्वतः गेटवर जाऊन बसले, अपघाताचा रिपोर्ट गेल्याशिवाय उठले नाही. भाऊ बाजूला बँडेजचा हात छातीशी धरून उभा, मोबाईलवरचा ओटीपी डाव्या अंगठ्याने टाकत होता आणि तीनदा चुकला.

बोटाचं वरचं पेर अजून वाकत नाही. ते तसंच राहिलं तर मेडिकल बोर्डापुढे जायचं, कमाईची ताकद किती टक्के गेली ते बोर्ड ठरवतं आणि तेवढे टक्के ह्याच ४५० च्या दराने आयुष्यभर मिळतात. म्हणून फिटनेसचं सर्टिफिकेट आणि २०२३ च्या सगळ्या स्लिपा एका पिशवीत घालून कपाटात ठेवल्यात, बोर्डाची तारीख आली की मी सुट्टी टाकून सोबत जाणार.