वरीलप्रमाणे : आमची वाटचाल

परभणीत स्टेशन रोडला माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट, परीक्षेच्या दिवसांत झेरॉक्सची गर्दी. २०१२च्या उन्हाळ्यात एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल सर बारकोडची लेबलं छापून मागायला आले. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती तोंडावर होती. कागदाचं माप घ्यायला मी त्यांच्या ग्रंथालयात गेलो आणि तांत्रिक विभाग नावाची जिन्याखालची खोली पहिल्यांदा पाहिली.

खोलीत दोन टेबलं, पुस्तकांचे ढीग, डिंकाची बाटली आणि शिक्के. नवं पुस्तक आलं की त्याचं नाव आधी खरेदीच्या यादीत, मग दाखल नोंदवहीत, मग लेखक, ग्रंथनाम आणि विषय अशा तीन कार्डांवर, शेवटी पुस्तकातल्या कार्डावर. तेच नाव सहा वेळा, तेही हातानं. आता वरून संगणकात सातव्यांदा. मी म्हटलं, सर, एकदाच टाइप करू, बाकीचं छापून देतो. ग्रंथालयं संगणकावर आणून देण्याचा आमचा धंदा या एका वाक्यावर सुरू झाला. वाक्य किती भाबडं होतं ते कळायला चार महिने लागले.

दाखल नोंदवही ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका पुस्तकाच्या पाच प्रती आल्या की पाच दाखल क्रमांक पडतात. पण नाव फक्त पहिल्या ओळीत. खालच्या चार ओळींत नुसती टिंबं, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. आम्ही पानांचे फोटो काढून चार पोरांना टाइप करायला वाटले. टिंबं दिसली तिथं पोरांनी टिंबंच टाइप केली, आणि मी छोटा प्रोग्राम लिहिला : टिंबं असतील तर वरच्या ओळीतलं उचल. एका रात्रीत हजारो ओळी भरल्या. मला भलताच हुरूप आला.

लेबलं छापली, चिकटवायचं काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या मामांचा फोन. ते तिथले परिचर, पंचवीस वर्षांपासून. “सर, काय करायलात तुम्ही? हे मातीचं पुस्तक हाय, तुमच्या चिठ्ठीवर कादंबरी लिवलंय.” जाऊन पाहिलं तर मृदाशास्त्राच्या पुस्तकावर ८९१.४६३. ड्यूईच्या वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायच्या पद्धतीत, हा मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक.

झालं होतं असं. फोटो दोन मोबाइलवर काढलेले, त्यामुळे पानांचा क्रम मिसळला होता. ज्या पानाच्या पहिल्याच ओळीत टिंबं होती, तिथं प्रोग्रामनं भलत्याच पानाची शेवटची ओळ उचलली. त्यानंतर मी सगळी यादी दाखल क्रमांकानं लावली, म्हणजे वरून दिसायला सगळं सरळ! आधी क्रमांकानं लावून मग टिंबं भरायची, एवढंच होतं. मी उलटं केलं. ३८ पुस्तकं चुकली. पण ३८ कोणती हे माहीत नसल्यामुळे सगळीच कपाटं पुन्हा तपासावी लागली. मी आणि मामा, आठ दिवस. त्या कामाचे पैसे मी लावले नाहीत, लावायला तोंडच नव्हतं.

तेव्हापासून आमचा प्रोग्राम शंका आली की थांबतो. क्रमांक तुटला, किंमत कोरी, शेऱ्यात ‘बाद’ आणि तरी पुस्तक कपाटात, की ओळ पिवळी होते आणि ग्रंथालयातला माणूस ती बघतो. गिऱ्हाइकाला हे आवडत नाही. “मग ऑटोमॅटिक काय झालं?” म्हणतात. म्हणोत.

बाकी ठेचा लहान होत्या. एक्सेलनं तेरा आकडी आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचं, ९.७८ई+१२ केलं आणि सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलीत साठवल्यावर मागचे आकडे कायमचे गेले. तेव्हापासून तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, हा आमच्याकडे नव्या पोराचा पहिला धडा. इंग्रजी क्रमिक पुस्तकं सोपी. आयएसबीएन स्कॅन केला की बाहेरच्या मोठ्या ग्रंथालयातली तयार नोंद येते. जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांकच नसतो. तिथं बसून टाइप करण्याला पर्याय नाही, आणि आमचा वेळ तिथंच जातो.

लेबलावर लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं घ्यायची होती. संगणकाला मात्र काना, मात्रा, हलन्त सगळी वेगवेगळी अक्षरं. गोखले ‘गोख’ छान आले, देशपांडे ‘देश’. बर्वे आले ‘बर्’. पाय मोडलेलं ते लेबल पाहून ग्रंथपाल सर खुर्चीत मागं रेलून हसले. आता आम्ही जोडाक्षर न तोडता पहिली दोन पूर्ण अक्षरं घेतो.

ग्रंथालयांना आम्ही बहुधा कोहा बसवून देतो. न्यूझीलंडमध्ये २०००साली सुरू झालेलं, ग्रंथालय चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर, माओरी भाषेत नावाचा अर्थच भेट. यावर एका प्राचार्यांनी मला विचारलं होतं, “भेट आहे म्हणता, तर बिल कशाचं?” मी त्यांना टिंबांची गोष्ट सांगितली. बिल निघालं, मार्चअखेरीस.

आज आम्ही पाच जण आहोत. झेरॉक्स मशीन विकलं, लग्नपत्रिका मात्र नात्यागोत्यात अजून कराव्या लागतात. तपासणीला सहीशिक्क्याची नोंदवही लागतेच, म्हणून आता ती संगणकातून छापून, बांधून देतो. पाच प्रती असल्या तर पाचही ओळींत पूर्ण नाव. परवा हिंगोलीकडच्या एका ग्रंथपाल मॅडमचा फोन आला : “पानं लई व्हायलेत हो सर. खाली नुसती टिंबं नाही का देता येणार?”

अजून हो म्हटलेलं नाही.