गणित न घेणाऱ्यांचं गणित

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत फळ्यावर एक मोठा तक्ता काढला होता. आठ सेमिस्टरचे आठ रकाने, प्रत्येक रकान्यात चार चौकटी. एकूण 32 कोर्स. लिबरल आर्ट्सची चार वर्षांची पदवी बऱ्याच ठिकाणी याच हिशेबात बसते. क्रेडिट मोजणारे साधारण 120 क्रेडिट म्हणतात. आमच्या तक्त्यात दहा-बारा चौकटी मेजरच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाच्या होत्या, तितक्याच विद्यार्थ्याच्या मर्जीच्या, आणि राहिलेल्या सगळ्यांना सक्तीच्या. तीन तास वाद झाला तो या सक्तीच्या चौकटींवरून, आणि त्यातही खरं तर एकाच चौकटीवरून. दुसऱ्या सेमिस्टरमधला गणिताचा कोर्स, जो फक्त गणित मेजर नसलेल्या मुलांसाठी असतो. तो मी नऊ वर्षं शिकवते आहे.

प्रस्ताव साधा होता. हा वेगळा कोर्स बंद करायचा आणि या मुलांना गणित मेजरवाल्यांबरोबर कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्सला बसवायचं. नाहीतर एक यादी द्यायची: संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग, अर्थशास्त्रातली मोजमापं. यातलं काहीही एक घ्या, चौकटीत बरोबरची खूण करा, मोकळे व्हा. शिक्षकाचे तास वाचतात, वेळापत्रक सुटसुटीत होतं. एक सहकारी अगदी आपुलकीने म्हणाले, "मॅडम, शेवटी गणित ते गणितच ना?"

त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

कॅल्क्युलसचा पहिला कोर्स ही एका लांब जिन्याची पहिली पायरी असते. तिथे जे शिकवतात ते पुढच्या कोर्ससाठी लागतं म्हणून शिकवतात. मर्यादा कशाला, तर विकलज येणार आहे म्हणून. विकलज कशाला, तर संकलन आणि पुढे विकल समीकरणं येणार आहेत म्हणून. जो विद्यार्थी पुढे जाणार आहे त्याच्यासाठी हे रास्तच आहे. पण इतिहास घेतलेली मुलगी त्या पहिल्या पायरीवर चार महिने उभी राहते आणि तिथूनच परत फिरते. तिच्या हाती सूत्रं लागतात, वर्षभरात ती विसरतेही, आणि गणिती विचार करणं म्हणजे नेमकं काय करणं हे तिला कुणी दाखवलेलंच नसतं. तिच्या आयुष्यातला गणिताचा हा शेवटचा कोर्स आहे. शेवटचा कोर्स दुसऱ्या कशाची तरी तयारी म्हणून शिकवणं मला पटत नाही.

हे मी गणिताच्या अभिमानातून म्हणत नाहीये. मी स्वतः पलीकडच्या बाजूला बसलेली आहे. माझ्या पदवीच्या दुसऱ्या वर्षी साहित्याचा एक सक्तीचा कोर्स होता. साहित्य मेजरवाल्यांच्या पायाभरणीचाच तो कोर्स, आम्हाला फक्त मागच्या बाकांवर जागा दिलेली. कालखंड, प्रवाह, लेखकांची नावं, कोण कुणाच्या प्रभावाखाली. परीक्षेत मला उत्तम मार्क मिळाले आणि एकही कविता मी धड वाचली नव्हती. त्यानंतर अकरा वर्षांनी एका सहकाऱ्याने मला त्याच्या वर्गात बसू दिलं. विज्ञानाच्या मुलांसाठी कवितावाचनाचा कोर्स होता तो. चौदा ओळींच्या एकाच कवितेवर त्याने दोन आठवडे घालवले. वाक्य कुठल्या ओळीत संपतं, ते ओळीच्या मध्येच का संपतं, 'पण' हा शब्द नेमका त्याच जागी का आला. घरी जाताना माझ्या मनात आलं, हे तर सिद्धता तपासण्यासारखंच आहे. अकरा वर्षं उशिरा कळलं याचं मला अजून वाईट वाटतं.

लिबरल आर्ट्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साहित्य, तत्त्वज्ञान, चित्रकला येते, आणि गणित जणू बाहेरून आणून बसवलेलं वाटतं. मूळ रचना वेगळी होती. मध्ययुगीन युरोपात सात कला मानत. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे त्रिक म्हणजे ट्रिव्हियम, आणि अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल हे चतुष्टय म्हणजे क्वाड्रिव्हियम. सातातले चार विषय गणिताच्या घरातले. संगीतसुद्धा त्यात गाण्यावाजवण्यासाठी नसे, ते स्वरांच्या गुणोत्तरांचं शास्त्र म्हणून असे. 'आर्स' म्हणजे कौशल्य, आणि 'लिबरल' म्हणजे स्वतंत्र माणसाला शोभणारं. या शब्दात एक जखमही आहे, ती झाकू नये. ज्या समाजात गुलाम होते त्या समाजाने स्वतंत्र माणसासाठी आखलेलं हे शिक्षण होतं. आज तेच शिक्षण सगळ्यांना द्यायचं म्हणतो, तेव्हा वर्गात बसलेल्या प्रत्येकाचा त्यावर पूर्ण हक्क आहे असं धरूनच कोर्स आखायला हवा. मागच्या बाकांवरची जागा म्हणजे हक्क नव्हे.

सक्ती किती असावी यावर तर दोनशे वर्षं वाद चालू आहे. 1828 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी एक अहवाल लिहून लॅटिन-ग्रीकची सक्ती टिकवली. त्यांचं म्हणणं, मनात माहिती भरणं आणि मनाला वळण लावणं ही दोन कामं आहेत आणि त्यांतलं वळण लावणं अधिक महत्त्वाचं. पुढे चार्ल्स एलियट 1869 ते 1909 अशी चाळीस वर्षं हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांनी जवळजवळ सगळी दारं उघडली आणि विद्यार्थ्याला हवं ते निवडू दिलं. त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांना त्यात विस्कळीतपणा दिसला. त्यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्या गटांतून थोडं थोडं, अशी वाटणी आणली. आमच्या फळ्यावरचा तक्ता त्या वाटणीचाच वंशज. 1919 मध्ये कोलंबिया विद्यापीठाने सगळ्यांना समान असा कोर, म्हणजे सक्तीचा मूळ अभ्यासक्रम, सुरू केला. 1969 मध्ये ब्राउन विद्यापीठाने उलट दिशेने जाऊन गटवार सक्ती काढूनच टाकली. दोन्ही ठिकाणी विचार केलेला आहे, आणि दोन्हींबद्दल मला आदर आहे. मला अडचण आहे ती यादीतून काहीही उचलण्याच्या पद्धतीची, कारण तिच्यात सक्तीही राहते आणि त्या सक्तीमागचं कारण मात्र कुणी सांगत नाही.

आता माझ्या वर्गात काय होतं ते.

पहिले तीन आठवडे युक्लिड, म्हणजे त्या प्राचीन ग्रीक गणितज्ञाचा भूमितीचा ग्रंथ. पहिल्या तासाला मुलं परकार आणि पट्टी घेऊन येतात आणि त्या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातली पहिली रचना करतात: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढा. अ हा केंद्र धरून ब पर्यंतच्या त्रिज्येने वर्तुळ काढायचं, ब केंद्र धरून अ पर्यंतच्या त्रिज्येने दुसरं काढायचं. दोन्ही जिथे छेदतात तो बिंदू क. झाला त्रिकोण. पाच मिनिटांचं काम. मग एकेकाने फळ्याशी येऊन, प्रत्येक पायरी कशाच्या आधारावर टाकली ते सांगायचं. ही पद्धत मी अमेरिकेतल्या सेंट जॉन्स कॉलेजकडून उचलली. तिथे 1937 पासून मेजर हा प्रकारच नाही, आणि पहिल्या वर्षाला सगळीच मुलं युक्लिडच्या रचना फळ्यावर मांडतात.

तीन वर्षांपूर्वी साहित्य मेजरची एक मुलगी फळ्याशी उभी होती. फार हळू वाचायची ती. पहिलं वर्तुळ कशाच्या आधारावर, तर तिसऱ्या गृहीतकाच्या. दुसरं वर्तुळ, तेही त्याच्याच. मग ती थांबली. पाचही गृहीतकं तिने पुन्हा वाचली, मग व्याख्या वाचल्या. खडू हातात तसाच होता. शेवटी म्हणाली, "मॅम, ही वर्तुळं एकमेकांना छेदतात असं यात कुठे लिहिलंय?"

कुठेही लिहिलेलं नाही. आकृतीत ती छेदताना दिसतात, म्हणून आपण पुढे जातो. युक्लिडही तसाच पुढे गेला. ही फट गणितज्ञांनीही दाखवून दिली, आणि 1899 मध्ये डेव्हिड हिल्बर्टने भूमितीचा पाया नव्याने मांडला तेव्हा अशी न सांगितलेली गृहीतकं उघड मांडावी लागली. मी त्या दिवशी ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि तिचाच प्रश्न वर्गापुढे टाकला: अशी वर्तुळं न छेदणारी जागा असू शकते का? उरलेला तास आणि पुढचे दोन तास त्यात गेले. समजा, ज्या बिंदूंचे दोन्ही सहनिर्देशक पूर्णांक किंवा अपूर्णांक आहेत तेवढेच बिंदू जगात आहेत, बाकी जागा रिकामी. अ शून्यावर, ब एकवर. मग क ची उंची येते तीनच्या वर्गमुळाच्या निम्मी, आणि तीनचं वर्गमूळ तर कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. म्हणजे त्या जगात दोन्ही वर्तुळं एकमेकांतून आरपार जातात, आणि जिथे भेटायची तिथे बिंदूच नाही! ही गोष्ट वर्गाला कळली तेव्हाची शांतता मला अजून आठवते.

मी गणित मेजरच्या वर्गातही युक्लिडची ही रचना अनेकदा दाखवली आहे. तिथे हा प्रश्न कुणी विचारला नाही. ती मुलं हुशार असतात, पण त्यांना पुढे जायची घाई असते, आणि आकृतीवर त्यांचा विश्वास असतो. ह्या मुलीला शब्दाशब्दावर थांबायची सवय साहित्याने लावली होती. ती सवय घेऊन ती माझ्या वर्गात आली म्हणून तिला ती फट दिसली. कॅल्क्युलसच्या वर्गात तिला कुणी एवढं हळू वाचूच दिलं नसतं.

मधल्या आठवड्यांत शक्यता आणि आकडेवारी येते. हजारात एकाला असणारा आजार, निरोगी माणसालाही शंभरात पाच वेळा 'आहे' म्हणणारी चाचणी. हजार माणसं कागदावर मांडली की दिसतं, एका खऱ्या रुग्णामागे पन्नासेक निरोगी माणसं घाबरवली जाणार. चाचणी 'आहे' म्हणाली तरी तो आजार खरोखर असण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. सूत्र न देता हे करता येतं. एवढं प्रत्येक पदवीधराला यायलाच हवं, याबद्दल मी अडून बसते.

आणि मग संगीत. चतुष्टयातली ती जुनी जागा मी मुद्दाम परत आणली आहे. लाकडी फळीवर ताणलेली तार, खाली सरकणारी घोडी. तार निम्म्यावर धरली की वरच्या सप्तकातला तोच स्वर. दोन तृतीयांशावर धरली की षड्जावरून पंचम. पंचमाचा पंचम घेत बारा पायऱ्या चढलं की सात सप्तकं वर पुन्हा षड्जावर आल्यासारखं वाटतं. गुणाकार केला तर मात्र एकीकडे दीडचा बारावा घात, म्हणजे 129.75 च्या जवळपास, आणि दुसरीकडे दोनचा सातवा घात, 128. थोडक्यात चुकामूक. मुलं तार पुन्हा ताणतात, पुन्हा मोजतात. मी म्हणते, मोजू नका, सिद्ध करा. दोन्ही बाजू जुळायच्या तर तीनचा कुठला तरी घात दोनच्या कुठल्या तरी घाताइतका व्हायला हवा. तीनला तीनने कितीही वेळा गुणा, संख्या विषमच राहते. दोनचे घात सम. कधीच जुळणार नाही, विश्व संपेपर्यंत. सम-विषम एवढ्याच भांडवलावर. गेल्या वर्षी इतिहासाचा एक मुलगा हे लिहून झाल्यावर दोन्ही स्वर एकापाठोपाठ ऐकायला मागत राहिला. तो फरक अर्ध्या स्वराच्या पाव भागापेक्षाही किंचित कमी असतो, पण ऐकू येतो. तासाची वेळ संपली होती, पुढचा वर्ग दारात उभा होता, आणि तो फळीवर कान टेकून बसला होता.

बैठकीत मी यातलं काहीच सांगू शकले नाही. तिथे 'विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर' हे शब्द चालतात, तारेवर टेकलेला कान कसा मांडणार? तत्त्वज्ञानाच्या सहकारी बाई मात्र माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, सक्ती करायची असेल तर ज्याच्यावर करतो त्याच्यासाठी कोर्स आखायची जबाबदारी आपली. नाहीतर सक्तीच काढा, ब्राउनसारखी. रसायनशास्त्राच्या सरांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, मग आमचाही तसा कोर्स हवा, आत्ता आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही नुसती पहिल्या सेमिस्टरची प्रयोगवही भरायला लावतो. मला त्या बैठकीत सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे.

निर्णय असा झाला की कोर्स दोन वर्षं राहील, मग पुन्हा पाहू. तो दुसऱ्याऐवजी पहिल्या सेमिस्टरला येईल, आणि पंधराऐवजी तेरा आठवड्यांचा होईल. गेले चार दिवस मी काय गाळायचं ते बघते आहे. आलेखांचा आठवडा काढला, कारण तो संख्याशास्त्राच्या बाई त्यांच्या वर्गात घ्यायला तयार आहेत. चक्रवाढीचा अर्ध्यावर आणला. कूटलिपीचा आठवडा काढताना फार जड गेलं, दोनदा परत घातला आणि शेवटी अर्धा ठेवला. तारेचे दोन तास राहिले. युक्लिडचे तीन आठवडे तसेच आहेत. पहिल्या तासाची सूचना कालच लिहिली: परकार आणि पट्टी आणा, कॅल्क्युलेटर नको.