वाद्य बाकावर घेण्याआधी : आमची वाटचाल

चोवीस वर्षांपूर्वी मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने वाद्यदुरुस्तीचे काम सुरू केले, तेव्हा आपला व्यवहार लाकूड, तार, चामडे आणि सरस यांच्याशी आहे अशी आमची समजूत होती. तडा गेला असेल तर तो बुजवायचा, खुंटी घसरत असेल तर ती घट्ट बसवायची, भाता गळत असेल तर नवा करायचा आणि वाद्य शक्य तितके नव्यासारखे करून परत द्यायचे, एवढेच आम्ही शिकलो होतो. ही समजूत तिसऱ्याच वर्षी मोडली, आणि ती मोडायला आमचीच एक चूक कारण झाली.

एका ज्येष्ठ सतारवादक बाईंनी आपली सतार आमच्याकडे आणली होती. तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीला, बारीक तडा गेला होता आणि घोडीखालचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीखालचा, भाग किंचित दबला होता. सांगितलेले काम आम्ही नीट केले, पण तेवढ्यावर थांबलो नाही. वाद्य फार जुनाट दिसते असे वाटून, त्यांना न विचारता, आम्ही दांडीचे जुने पॉलिश खरवडून नवे चढवले. डाव्या हाताचा अंगठा वर्षानुवर्षे घासून जिथे लाकूड काळसर आणि गुळगुळीत झाले होते ती जागाही एकसारखी करून टाकली. आणि सगळे पडदे ट्यूनर लावून मोजून-मापून पुन्हा बांधले. बाई आल्या, त्यांनी सतार मांडीवर घेतली, अंगठा दांडीवरून एकदा खाली आणि एकदा वर नेला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग इतकेच म्हणाल्या, "सुंदर दिसते आहे. पण माझी सतार कुठे आहे?" त्यांनी ठरलेले पैसे चुकते केले, नमस्कार केला, आणि त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांची क्षमा मागण्याचे शब्दही त्या वेळी आम्हाला सुचले नाहीत, याचे वाईट मला आजही वाटते.

ज्याला आम्ही झीज म्हणत होतो तो त्या बाईंच्या हाताचा नकाशा होता. वादक वाजवताना दांडीकडे पाहत नाही. कुठे किती सरकायचे हे त्याला लाकडाच्या स्पर्शातून कळते, आणि ती ओळख बोटांत मुरायला दहा-वीस वर्षे लागतात. पडद्यांचेही तसेच आहे. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात, आणि प्रत्येक वादक आपल्या कानाला पटतील अशा जागी, केसाएवढ्या फरकाने, ते बसवतो. यंत्राने दाखवलेली जागा चुकीची नव्हती, मात्र ती त्या बाईंची नव्हती. अमेरिकन गायक विली नेल्सन यांनी 1969 साली घेतलेली ट्रिगर ही गिटार या बाबतीत मला नेहमी आठवते. नायलॉनच्या तारांच्या या गिटारवर ते पिकने, म्हणजे तार छेडायच्या चकतीने, वाजवत राहिले आणि वरच्या पातळ फळीला घर्षणाने मोठे भोक पडले. ते भोक बुजवावे असे त्यांना वाटले नाही, आणि तिची देखभाल करणाऱ्या कारागिरांनीही ती तशीच वाजती ठेवण्याला महत्त्व दिले. आमच्या धंद्यात याहून मोठे कसब मी पाहिलेले नाही.

त्या प्रसंगानंतर आमच्या नोंदवहीत एक रकाना वाढला : 'काय हलवायचे नाही'. सुरुवातीला लोक तो कोरा ठेवत, कारण असे काही कुणी विचारील याची त्यांना सवयच नव्हती. आम्ही शेजारी बसून विचारू लागलो, तेव्हा हळूहळू गोष्टी बाहेर आल्या. एका व्हायोलिनवादकाने लिहिले की हनुवटीखालच्या वॉर्निशवरचा डाग पुसू नये, कारण तो त्याच्या गुरूंच्या काळापासूनचा आहे. एका हार्मोनियमवादकाने एका पट्टीचा किंचित सैलपणा राखायला सांगितले. पट्टी दाबल्यावर स्वर यायला जो पापणी लवण्याइतका उशीर होतो, त्याचा हिशेब त्याच्या बोटांनी केव्हाच करून ठेवला होता. एका तरुण मुलीने गिटारच्या मागे लहान भावाने खिळ्याने कोरलेली अक्षरे दाखवली, आणि भाऊ आता कुठे आहे हे आम्ही विचारले नाही. काढून टाकलेला प्रत्येक भाग, मग ती झिजलेली घोडी असो की तुटकी खुंटी, आम्ही कापडी पिशवीत घालून वाद्यासोबत परत देतो. कचरा म्हणून टाकून देणारे त्यात फारच थोडे असतात.

सरसाबद्दलचा आमचा आग्रहही इथूनच आला. प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेला सांधा, उष्णता आणि ओलावा दिला की, लाकूड न फाडता पुन्हा उघडता येतो. बाजारातली पुष्कळशी कृत्रिम चिकटद्रव्ये झटपट आणि पक्की बसतात, पण पुढच्या कारागिराला ती लाकडासकट काढावी लागतात. ज्या वाद्यावर कुणाचा इतका जीव आहे, त्यात आपण केलेले काम उद्या कुणाला तरी उलटवता आले पाहिजे, असे आम्ही ठरवले. त्यासाठी वेळ अधिक लागतो आणि काही गिऱ्हाइके तेवढे थांबत नाहीत, हे आम्ही मान्य केले आहे.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र जवारीला, म्हणजे घोडीचा माथा घासून नाद जुळवण्याला, जातो. तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या घोडीचा माथा अगदी किंचित उतरता, गोलसर घासलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि त्यातून तो भरलेला, झणझणता नाद उमटतो. वाजवून वाजवून तारेच्या खाचा पडतात, उतार बिघडतो आणि नाद बसका होतो, म्हणून घोडी पुन्हा घासावी लागते. कानशीचा एक हात जास्त फिरला तरी आवाज बदलतो. पूर्वी आम्ही हे काम करून ठेवत असू आणि वादक नंतर येऊन वाद्य नेत असत. आता वादक शेजारी बसल्याशिवाय आम्ही जवारीला हात लावत नाही. "थोडी बंद हवी", "आता उघडली", "नाही, हिच्यातला गोडवा गेला" अशा शब्दांवर काम पुढे सरकते, आणि कधी एका घोडीला अख्खी दुपार लागते. या पद्धतीमुळे दिवसाला होणारी कामे निम्म्यावर आली, तरी जवारीबद्दलची तक्रार गेल्या कित्येक वर्षांत आमच्याकडे आलेली नाही.

वाद्यावरची ही माया म्हणजे निव्वळ भ्रम आहे का, असे आम्हाला कधी कधी विचारले जाते, आणि विचारणारे बहुधा एका प्रयोगाचा दाखला देतात. 2010 साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे 21 व्हायोलिनवादकांनी, मंद उजेडात आणि डोळ्यांवर गडद चष्मे लावून, सहा व्हायोलिने वाजवून पाहिली. त्यांत तीन नवी होती आणि तीन जुनी, म्हणजे स्ट्राडिव्हारी आणि ग्वार्नेरी या नामवंत जुन्या इटालियन कारागिरांची, पहिल्याची दोन आणि दुसऱ्याचे एक. सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हारीला. मला हा प्रयोग पटतो, कारण त्याने जुनेपणाच्या दबदब्याला हात घातला आहे. पण त्या खोलीत कुणाचेही व्हायोलिन 'स्वतःचे' नव्हते. आमच्या बाकावर येणारी बहुतेक वाद्ये साधी, कारखान्यात तयार झालेली असतात, आणि त्यांचा नाद जगात सर्वोत्तम आहे असा त्यांच्या मालकांचा दावाही नसतो. पहिला स्वर ज्यावर निघाला, उमेदवारीच्या काळातल्या रात्री ज्याच्यासोबत गेल्या, पहिल्या मैफलीत ज्याने साथ सोडली नाही, ते हे वाद्य, एवढेच त्यांचे म्हणणे असते.

वाद्य गमावलेली माणसेही येतात. प्रवासात मोडलेले, चोरीला गेलेले, पाण्यात बुडालेले. या गोष्टी ऐकताना काय बोलावे हे मला अजून नीट कळत नाही. 1949 च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट या गावी नाचाच्या सभागृहाला आग लागली, तेव्हा बाहेर पडलेले ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग आपली गिटार आणायला पुन्हा आत शिरले होते. ज्या स्त्रीवरून झालेल्या मारामारीत ती आग लागली तिचे नाव लुसील होते, आणि असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्यांनी गिटारला तेच नाव दिले. पुढे त्यांनी अनेक गिटारी वापरल्या, आणि त्या लुसीलच राहिल्या. वाद्य कायमचे गेलेल्या माणसाला मी ही हकिकत सांगतो, कारण माया नव्या लाकडात रुजू शकते याचा तो मला माहीत असलेला सर्वांत भला दाखला आहे. दुरुस्ती लांबणार असेल तर वादकाला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही म्हणून आम्ही काही वाद्ये वापरायला देण्यासाठी वेगळी ठेवली आहेत.

वाद्य विकायला आणणाऱ्यांसाठी आमचा एक नियम आहे : त्याच दिवशी आम्ही ते विकत घेत नाही. आठवडाभर वाद्य त्यांच्या नावाने ठेवतो आणि मग पुन्हा विचारतो. घरातले वादक माणूस गेल्यानंतर लगेच आणलेली वाद्ये यात पुष्कळ असतात, आणि त्यांतली बरीचशी आठवडा संपायच्या आत परत घरी जातात. इटालियन व्हायोलिनवादक पागानिनींनी आपले 1743 सालचे ग्वार्नेरी व्हायोलिन मृत्युपत्राने इटलीतील जेनोवा शहराला दिले, ते आजही तिथे जपलेले आहे आणि अधूनमधून वाजवलेही जाते. सामान्य वादकाच्या वाद्यासाठी अशी सोय नसते, म्हणून घरच्यांना आम्ही इतकेच सांगतो की तारा थोड्या उतरवून ठेवा, पण काढून टाकू नका; हवा फार कोरडी किंवा फार दमट होऊ देऊ नका; आणि गवसणीतून अधूनमधून बाहेर काढा.

सध्या आमच्या मांडणीवर एक तंबोरा आहे. तो वाजवणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या कन्येला गाणे येत नाही आणि घरी जागाही नाही, म्हणून तो आमच्याकडे असतो. कन्या महिन्यातून एकदा येतात, गवसणी काढतात, चारही तारा स्वतः लावतात, थोडा वेळ छेडत बसतात आणि जातात. आता त्यांना जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, अचूक लावता येते, पंचमाची तार अजून हुकते. त्या यायच्या दिवशी आम्ही तंबोरा पुसून ठेवतो आणि खुंट्यांना हात लावत नाही.